देवाच्या दोरीचा वाख

धनुष्याच्या दोरीला प्रत्यंचा म्हणतात हे मला शाळेत कळलं. घरी येऊन मी तो शब्द मोठ्या ऐटीत आत्याला ऐकवला, तर ती म्हणाली, "नाव केवढं मोठं वं, अन् दोरी तेवढीच." आमच्या गावात तिला दोरीच म्हणतात, फार तर देवाची दोरी. घाटंजीपासून आत, जिथं एसटी फाट्यावर सोडते आणि पुढं पायी जावं लागतं, तिथलं आमचं गाव. मारुतीच्या देवळात भिंतीच्या दोन खुंट्यांवर वेळूचं एक धनुष्य आडवं ठेवलेलं असतं. दसऱ्याला सारं गाव सोनं लुटायला शिवेवर जातं तेव्हा ते बाहेर निघतं. एक बाण शिवेपार गेला की मगच आपट्याला हात लावायचा. धनुष्य वर्षानुवर्षं तेच असतं. दोरी मात्र दरसाल नवी लागते, झाडाच्या सालीच्या धाग्याची, म्हणजे वाखाची, आणि ती आमच्या घरून जाते.

हा मान घरातल्या लेकीचा, सुनेचा नव्हे. लेकी लग्न होऊन जाणारच, त्यामुळे तो कुणाकडे फार टिकत नसे. थोरलीनं काही वर्षं दोरी वळायची, ती गेली की धाकटीनं. माझ्या आत्याकडे मात्र तो जन्मभर राहिला, कारण आत्या परत आली. तिला मुकुटबनकडे दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला एका सणाला माहेरी पोचवून दिलं ते कायमचंच. आमच्याकडून कोणी भांडायला गेलं नाही, कोणी जाब विचारला नाही. माझा बाप चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात, मीही म्हणते, पण त्या एका गोष्टीसाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

परत आलेली बहीण घरात कशी राहते ते मी लहानपणापासून पाहिलं. शेण तिचं, पाणी तिचं, कापूस वेचायला सगळ्यात आधी ती आणि जेवायला सगळ्यात शेवटी. बैल विकायचा की ठेवायचा, पोरगी कुठं द्यायची, वावरात काय पेरायचं, यातलं काही तिला विचारायची पद्धत नव्हती. वर्षातून एकदा, महालक्ष्म्या जवळ आल्या की, माझा बाप तिच्यासमोर उभा राहून विचारायचा, "वाख पाह्यला का वं?" आणि ती लगेच उत्तर द्यायची नाही. हातातलं काम पुरं करायची, हात पुसायची आणि मग म्हणायची, "पाहू." तेवढ्यापुरती ती या घराची मालकीण असायची. मी पोरवयातच हे ओळखलं होतं आणि मला त्याची फार मौज वाटायची.

दोरीला काय चालतं आणि काय चालत नाही, यावर तिची मतं पक्की होती. ती न विचारताही ऐकवायची. ताग मऊ, वळायला सोपा, पण ओढला की लांबतो. "तागाची दोरी नव्या नवरीवानी, पैल्या दिवशी ताठ अन् मंग ढिली." घायपाताचा वाख पांढरा, लांब, दिसायला देखणा, पण नेमका गाठीवर तुटतो. पळसाच्या मुळीचा वाख चिवट, पण आखूड, सारखे जोड घ्यावे लागतात, आणि जोड म्हणजे दोरीची दुखरी जागा. रुईचा सगळ्यात बळकट, पण चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, आणि एका दोरीला अर्ध्या शिवारातली रुई सोलावी लागते. कापसाचं तर नावच नको. सारा जिल्हा कापसावर जगतो आणि कापसाची दोरी धनुष्याला कुचकामी, हे सांगताना ती तोंडावर पदर घेऊन हसायची. जनावराच्या आतड्याची तात मारुतीला चालत नाही. राहिली अंबाडी.

अंबाडी म्हटलं की लोकांना भाजी आठवते. आमच्याकडेही ती भाजीसाठीच लावत, कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका ओळीत. दोरीसाठी त्यातली झाडं निवडावी लागत. दाटीत वाढलेलं, सरळ, फांदी न फुटलेलं झाड बघायचं. फूल नुकतं उघडलेलं पाहिजे. एवढं डोळ्यांनी झालं की पुढचं काम तोंडाचं. कमरेइतक्या उंचीवर नखानं साल धरायची, बोटभर पट्टी ओढायची आणि दाढेखाली घालायची. आधी आंबट लागतं, मग बुळबुळीत, मग उरतो नुसता धागा. धागा करकर वाजला तर झाड कोवळं. भुगा झाला तर जून. न वाजता, न तुटता जिभेभोवती गुंडाळला गेला तर ते झाड कापायचं. झाडागणिक हे करायचं. मग भारा नाल्यात दगडाखाली दाबून ठेवायचा, साल सुटली की धुऊन वाळवायची आणि नवरात्रात दोरी वळायची.

या निवडण्याचे नियम होते. आदल्या दिवसापासून तिची नस बंद. एरवी दिवसातून चारदा तंबाखूची नस दाताला लावणारी बाई, पण वाख निवडायच्या आधी तोंड कोरं पाहिजे. सकाळपासून पोटात अन्न नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जो वाख देवासाठी चाखला त्याचा रस थुंकायचा नाही. थुंकलं तर दोरी उष्टी झाली. रस गिळायचा, चोथा पदराच्या गाठीत बांधायचा आणि नाल्याच्या पाण्यात सोडायचा. हे तिला तिच्या आत्यानं सांगितलं होतं आणि तिनं मला सांगितलं. लग्न होऊन मी दिग्रसला गेले. तिथं माझ्या सासरी सगळे नोकरीवाले, ऑफिसच्या गप्पा मारणारे. त्यांना मी एकदा हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आईवडील गेल्यावर वावर दादाकडे आलं. दादा माझ्यापेक्षा मोठा, सरळ, कष्टाचा, पण बोलायला लागला की समोरच्याचं काळीज बघत नाही. त्यानं धुऱ्यावर अंबाडी लावणं बंद केलं. निंदणाला बायका मिळत नाहीत म्हणून तणनाशक आलं आणि धुरेसुद्धा पिवळे पडायला लागले. अंबाडीची भाजी बाजारातून येऊ लागली. आत्या दोरीपुरती अंबाडी कुणाच्या ना कुणाच्या धुऱ्यावरून आणायची. मग एका वर्षी तिला कुठंच धड झाड मिळेना, तेव्हा दादानं घाटंजीच्या बाजारातून वाखाची तयार जुडीच आणली.

तिनं ती चावून पाहिली. "शिळा हाय बापू. पान्यात लय दिवस पडेल हाय." दादा म्हणाला, "दसरा तोंडावर हाय, आता कुठून आनू?" तिनं त्याच वाखाची दोरी वळली. शिवेवर बाण ओढला आणि दोरी तुटली. ओढणाऱ्याच्या गालावर फटका बसला, बाण त्याच्याच पायाशी पडला. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीची चव गेली." लोक हसले. आत्या बायकांमध्ये उभी होती. जुडी बाजारची आहे, भाच्यानं आणलेली आहे, असं तिला सहज सांगता आलं असतं. ती बोलली नाही. दादाही बोलला नाही. घरी येऊन तिनं सगळ्यांना वाढलं, भांडी घासली आणि त्यावर कधीच काही म्हणाली नाही. मी मात्र पाहिलं, त्यानंतर भाजीत मीठ किती पडलंय हे ती वहिनीला विचारायला लागली.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना मी माहेरी गेले. जेवणावळ झाली, पंगती उठल्या, आणि दादानं कपाटातून निळी नायलॉनची दोरी काढून आत्यापुढं ठेवली. म्हणाला, "आता तू तरास नको घेऊ आत्या. हे तुटत नाई." मला वाटतं तो खरंच तिच्या काळजीनं बोलत होता. आत्यानं दोरी दोन्ही हातांत धरली, ताणली आणि सोडली. "हे रबर हाय," ती म्हणाली. दादाला चारचौघांत ते लागलं. तो म्हणाला, "मंग मांगच्या साली कोनाची दोरी तुटली?"

वहिनीनं ताटं उचलायला घेतली. मी दादाकडे असं पाहिलं की त्यानं मान वळवली. आत्या शांतपणे म्हणाली, "यंदा वाख मी निवडते. माह्या हातानं, माह्या तोंडानं. नाई टिकला तं तुयं निळं लाव. मी पुन्हा दोरीचं नाव नाई काढनार." त्या बाईकडे या घरात तेवढीच एक गोष्ट होती आणि तिनं ती पणाला लावली. मी दिग्रसला फोन करून सांगितलं की मला यायला उशीर होईल.

महालक्ष्म्या उठल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. नाल्यापलीकडच्या वावराच्या धुऱ्यावर अंबाडी होती. गावातल्या ज्या काकांचं ते वावर, त्यांची बायको हौसेनं लावते. लांबूनच आत्याचे डोळे चमकले. माणसापेक्षा उंच, सरळसोट झाडं, वर पिवळी फुलं. कपाशी धुऱ्याला अगदी खेटून होती. त्या दिवसांत कोणत्याही शिवारात जा, औषधाचा वास असतोच. आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. इतका तो वास सगळीकडे मुरलेला असतो की कुणाला तो वास वाटत नाही. मी बाभळीखाली बसले. आत्या एकेका झाडापाशी जाऊन साल ओढत होती, चावत होती, डोळे मिटत होती. एरवी ती दोन-तीन झाडांत समजून जायची. त्या दिवशी तिनं प्रत्येक झाड दोनदा चाखलं, बुडाशी एकदा आणि कमरेपाशी एकदा. मी ओरडले, "आत्या, आज अंबाडीवरच पोट भरतं काय वं?" ती म्हणाली, "चूप बस. माहे घास नको मोजू." फार खुशीत होती. इतक्या वर्षांत मी तिला एवढी खुशीत कधी पाहिली नव्हती, आणि हे लिहितानाही मला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो.

भारा तिनं स्वतः कापला, स्वतः बांधला. नाल्यापाशी आलो तेव्हा तिला घाम सुटला होता. उन्हाचा असेल, पोटात काही नाही, असं आम्ही दोघींनीही म्हटलं. तिनं पदराची गाठ सोडून चोथा पाण्यात सोडला, आणि खाली वाकलेली ती तशीच बसली. "बाई, मले धुकं दिसून राह्यलं." ऊन रखरखत होतं. तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, ती पुसायची आणि पुन्हा गळायची. मग उलटी झाली. हातापायाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. मी दादाला फोन लावला, तो गाडी घेऊन आला, आणि आम्ही तिला मागच्या सीटवर आडवी घातली.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिची पापणी वर केली, बॅटरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "कोणतं औषध प्यायल्या?" आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न कुणाला नवा नाही. मी म्हटलं, प्यायली नाही हो, अंबाडी चावली. धनुष्याच्या दोरीसाठी. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, त्यांनी माझं ऐकून घेतलं. म्हणाले, असं होऊ शकतं, पण तोंडावाटे बरंच गेलंय. आणि ते तिच्याकडे वळले. माझ्या मागे दादा भिंतीला टेकून खाली बसला होता. तो कुणाशीच नाही असं बोलत होता, "मीनं बोललो तिले. चार लोकांत बोललो."

मी त्याला सांगितलं, अंबाडीचं सांगितलं, तो नुसती मान हलवत राहिला. गावात तोवर पोचलं होतं. भाचा नायलॉनवरून बोलला आणि म्हातारीनं औषध घेतलं. इतकी सोपी, इतकी ओळखीची गोष्ट दुसरी कुठली असणार? घराघरात कोपऱ्यात बाटली असतेच. भेटायला आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि दादाकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

नाल्यापलीकडचे काका भेटायला आले. त्यांनी मला जिन्यापाशी बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या सकाळी मीनं बोंडअळीचं मारलं होतं. हवा धुऱ्याकडंच होती. मले काय मालूम तुमी येसान." मी म्हटलं, काका, हे दादाला सांगा, एवढंच सांगा. ते म्हणाले, "पोलिसाचं काम हाय हे. मी नाई पडत यात." मी त्यांना नको नको ते बोलले, तिथंच जिन्यात, येणारेजाणारे थांबून पाहायला लागेपर्यंत. ते निघून गेले. नंतर कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले की त्या आठवड्यात त्यांनी पंप पाठीवर घेतलाच नव्हता.

आत्या थोडी सावरली. डोळे उघडले, पाणी मागितलं. आता ही स्वतःच सांगेल आणि एकदाचं मिटेल, असं मला वाटलं. जबाब घ्यायला जमादार आला. दादा पायथ्याशी, मी उशाशी. जमादारानं रीतीप्रमाणे विचारलं, "काय झालं होतं, आजी?"

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "मीच पेली. औषध पेली."

"कोणी काही बोललं होतं?"

"कोनी नाई. जीव कटाळला होता."

मी मध्येच ओरडले, हे खोटं आहे, मी सोबत होते. जमादार म्हणाला, बाई, पेशंट शुद्धीत आहे, त्यांना बोलू द्या. दादा उठून बाहेर गेला. जिन्याच्या खिडकीपाशी तो रडत होता ते मला काचेतून दिसत होतं. मोठा, टक्कल पडलेला माणूस, खांदे हलत होते.

सगळे गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. आजारी माणसाशी असं बोलू नये हे मला कळत होतं, पण मला राग आवरेना. काहून खोटं बोलली? कायले असं केलं? दादा मरून राह्यला तिथं. बाहेर माझी भाषा शहरी झाली आहे, पण रागात ती परत येते.

ती म्हणाली, "वाखात काई नोतं. वाख चांगला होता."

"आत्या, काकांनी त्याच सकाळी फवारलं होतं. मला त्यांनी स्वतः सांगितलं."

"मंग मले चव लागली नसती का?"

ती छताकडे बघत होती. दम घेत घेत म्हणाली, "आंबट लागलं, बुळबुळीत लागलं. जसं लागते तसंच लागलं, बाई. आता मी त्या जमादारापुढं म्हनू का, का इख होतं अन् माह्या तोंडाले समजलं नाई? त्यानं लिवून घेतलं असतं. गावानं ऐकलं असतं." मग म्हणाली, "औषध पेली म्हनतीन, चार दिवस म्हनतीन. चव गेली म्हनतीन तं मेल्यावरही म्हनतीन."

मी म्हटलं, ते विष आहे आत्या, त्याला चव नसेल, कुणालाच कळलं नसतं. ती म्हणाली, "मी कोनीही हाव का?"

एवढं बोलल्यावर तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तिला मान उचलता येईना. उशीवरून डोकं वर घेतलं की ते बाजूला पडायचं. मग श्वास कमी पडायला लागला. डॉक्टर म्हणाले, या विषात असं होतं, बरं वाटतं आणि मग श्वासाचे स्नायू सोडून देतात. नळी घातली, यंत्र लावलं, त्यांनी हातचं काही राखलं नाही. ती गेली. शवविच्छेदन झालं, कापडात गुंडाळून दिलं. चितेवर ठेवताना बायकांत कुजबूज चालू होती की एवढी कष्टाळू बाई, शेवटी असं करायला नको होतं. मला कुणाकुणाचं तोंड धरावं असं झालं होतं.

घरी आल्यावर पाहिलं तर तिचा भारा नाल्यात दगडाखाली दाबून ठेवलेला होता. दवाखान्यातून मध्ये एकदा घरी आला होता तेव्हा दादानं तो ठेवला होता, कुणाला न सांगता. तेरवी झाली. साल सुटायला आली तसा तो नाल्यावर जाऊन बसायचा, धुवायचा, पुन्हा धुवायचा. वाळलेला वाख त्यानं माझ्या पुढ्यात आणून ठेवला. घरात दुखवटा, सण नाही. पण देवाची दोरी अडवून चालत नाही, असं गावानंही म्हटलं. घरची लेक आता मीच उरले होते. कितीतरी वर्षांनी मी मांडी उघडी करून त्यावर वाख वळला. आत्या वाख ओला करायला तोंडात धरायची. मी वाटीत पाणी घेतलं. वहिनी दुसरं टोक धरून बसली होती. माझे हात सरावलेले नव्हते, पण वाखच असा होता की हाताचं फारसं काही काम राहिलं नाही. कुठं कणी नाही, कुठं गाठ नाही, एकेक धागा लांबचा लांब. वळता वळता मला तिचा इतका अभिमान वाटला आणि तिचा इतका राग आला की मी दोरी खाली ठेवून आत निघून गेले. नंतर येऊन पुरी केली.

दसऱ्याला आम्ही मागे उभे राहिलो. बाण ओढला तेव्हा मी खाली पाहिलं. दोरीचा आवाज आला, खणखणीत, आणि लोकांच्या माना वर झाल्या. बाण शिवेवरून, पलीकडच्या गावच्या तुरीवरून कुठं गेला ते पोरांनाही लवकर सापडेना. कोणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला, "म्हातारीनं निवडेल वाख होता तो." आणि लोक आपट्याकडे वळले.

परत येताना दादा आणि मी मागे राहिलो. तो वाळला होता. मी ठरवलं, आता सांगायचं. दवाखान्यात तो ऐकायच्या स्थितीत नव्हता, आता ऐकेल. काका जिन्यात काय म्हणाले ते मी त्याला सांगितलं. आत्या जमादाराशी खोटं का बोलली ते सांगितलं, तिचेच शब्द जसेच्या तसे. म्हटलं, दादा, तुझ्या बोलण्यानं काही झालं नाही. तिनं काही पेलं नाही. अंबाडीवर फवारा होता, तिला तो कळला नाही, एवढंच.

तो चालायचा थांबला. त्याच्या हातात देवळात परत ठेवायचं धनुष्य होतं, दोरी उतरवलेली नव्हती. त्यानं दोरीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"हा वाख पाह्य," तो म्हणाला. "असा वाख जिच्या जिभेले समजला, तिले औषध समजलं नसंन?"

"नसेल समजलं, दादा. कुणालाच समजलं नसतं."

"कोनाले नसतं समजलं. तिले समजलं असतं." त्याचे डोळे भरले होते, पण आवाजात जराही शंका नव्हती. "तू मले वाचवाले सांगून राह्यली बाई, मले कळते. पन आत्याची चव चुकत नोती. मांगच्या साली नाई चुकली, अन् यंदाही नाई चुकली. जुडी मीनं आनली होती. तिनं पेलं, अन् माह्या बोलन्यानंच पेलं."

आत्याच्या बाजूनं इतक्या ठामपणे आमच्या घरात आजवर कोणी बोललं नव्हतं. मी त्याला पुन्हा समजवायला तोंड उघडलं, आणि मला ते जमलं नाही.